रबराचं वय

चेत्तिनाबाई, तुम्ही विचारता, कधी बदलायचं?
मी आधी गाडीभोवती एक फेरी मारतो.
हात लावत नाही.
गोझो बेटावर, आर्बच्या चौकात,
पिवळ्या दगडाच्या भिंतीलगत
तुमची चौऱ्याहत्तर सालची मिनी उभी आहे
उजव्या अंगावर रेललेली,
भरपेट जेवून बाप्ये रेलतात तशी.

हिला पोलादी स्प्रिंगा नाहीत.
रबराचे कोन आहेत, चार, वाडग्याएवढे.
आणि रबर तुटत नाही, हीच तर गोची.
तुटलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी आला असता
दोरीनं गाडी ओढत, कपाळावर आठ्या घेऊन.
ते नुसतं बसतं.
वर्षाला सुताएवढं,
कुणाला न सांगता.

फेरीबोटीच्या फळीवर चाक चढताना
खालून ठक्क असं वाजतं का?
वाजतं, म्हणालात.
कधीपासून?
आणि तुम्ही म्हणालात, नेहमीच वाजतं.

पन्नास वर्षांत मी एवढंच शिकलो, बाई.
गिऱ्हाईक 'नेहमीच' म्हणालं
की पाना उचलायचा.

टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं घातली.
डावीकडे चार मावली.
उजवीकडे दीड, तेही सोलपटून.
टायरची आतली कड गुळगुळीत,
डँपरच्या अंगावर तेलाचा जुना ओघळ, धुळीनं थिजलेला.
साल्वू किती भरायचे?
एकशे दहा, तुम्ही म्हणालात, उपासाच्या दिवशी.

मला वाटलं आता डोळे पुसाल.
तुम्ही पिशवी बॉनेटवर आपटलीत.
"तीस वर्षं मी डावीकडे बसून त्या माणसावर घरंगळले, विस्तिन.
आता मीच चालवते
आणि घरंगळते दाराकडे.
बदल तो उजवा."

एक नाही बदलता येत. जोडीनंच बदलायचे.
एक नवा, एक म्हातारा ठेवला
तर गाडी दुसऱ्या पायानं लंगडते.
"बरं झालं हा नियम लग्नाला नाही," तुम्ही म्हणालात,
आणि पोऱ्या नाझरेन हसता हसता
ग्रीसच्या डब्यात कोपरापर्यंत गेला.

पुढचे कोन हातानं निघत नाहीत.
आधी दाबून धरायचं यंत्र लावावं लागतं,
नाहीतर इतक्या वर्षांचा दाब
एका क्षणात तोंडावर येतो.
खालची उखळी निघाली, प्लॅस्टिकची,
गंजलेल्या गोळीनं झिजून कागदासारखी झालेली.
करकर तिची होती.
तुम्हाला वाटायचं, सीट वाजते.

दोन्ही कोन टेबलावर ठेवले.
तुम्ही अंगठ्यानं एकेक दाबून पाहिलात,
बाजारात खरबूज पाहतात तसं.
एक जरा दबला. दुसरा दगड.
"हा उजवा?"
हो.
"वाटलंच."
हात पुसलेत आणि बिल मागितलंत.

गाडी खाली उतरवली तर ती टाचा उंचावून उभी,
नव्या बुटांतल्या पोरीसारखी, अवघडलेली.
घाबरू नका, म्हटलं.
चाकांची दिशा आज लावत नाही, फुकट जाईल.
पाचशे मैल हिंडवा.
खड्डे चुकवू नका, तसेही ते चुकत नाहीत.
रबराला कळू दे त्याच्यावर कोण बसतंय.

ऑक्टोबरात आलात,
केपरच्या कळ्यांची बरणी घेऊन, झाकण सैल,
सगळ्या गॅरेजभर खारट वास.
मी वाकलो, बोटं घातली.
डावीकडे साडेचार.
उजवीकडे... थांबा... चारला जराशी कमी.

"म्हणजे पुन्हा कलली?"
किंचित.
"आता कुणामुळे?"
मी काही बोललो नाही.
तुम्ही गाडीकडे पाहिलंत,
मग स्वतःच्या अठ्ठेचाळीस किलोंकडे,
आणि ओढणी सारखी केलीत,
कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी तशी.