हातचा

दार उघडलं की आधी वारा आत येतो, मग गिऱ्हाईक.
पुन्ता अरेनासची हीच रीत.
कोपऱ्यावर बांधलेला दोर धरत धरत
सेन्योरा झ्देंका आली,
पिशवीतून एक लोकरी मोजा काढला, मोज्यातून डिस्क,
आणि म्हणाली, "कान लावा हिला."

लावला.
टक्. मग थोडं काहीच नाही. मग टक् टक्.
वीस वर्षं ऐकतोय हा आवाज,
अजून डॉक्टरसारखा चेहरा करता येत नाही मला.
म्हटलं, आज उघडेल. उद्याचं विचारू नका.

आत तिचा नवरा होता.
लोकरीच्या गोदामातला हिशेबनीस, रोज सकाळी गच्चीवर जाऊन
छोट्या यंत्रात बोलायचा: तारीख, वार,
वारा कुठून, किती, आणि केटल लाव गं, आलोच.
चौदा वर्षांच्या सकाळी.
तो गेल्यावर गच्चीवर ती जाऊ लागली.
केटलचं मात्र कुणाला सांगणार.

"सगळ्यात मजबूत कुठली? तीच द्या."
फळीवर होत्या की, चकचकीत,
निळे दिवे लुकलुकणाऱ्या, पाच वर्षांच्या हमीच्या.
हमी म्हणजे काय, बाई,
मेली तर नवी कोरी डिस्क मिळेल. रिकामी.
कुठली ते नंतर बघू. आधी किती, ते ठरवा.

मग एक पेटी दिली, दोन डिस्कांची,
घरातल्या राउटरला जोडून टीव्हीखाली ठेवायची.
एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं.
दोन्ही मुद्दाम वेगवेगळ्या खोक्यांतल्या घेतल्या,
एका माळेचे मणी एकदमच ओघळतात.
वीज जाते म्हणून बॅटरी. (इथं वीज जाते. वारा नेतो.)
आणि एक तिसरी, साधी, स्वस्तातली, वायरशिवाय पडून राहणारी:
"ही घरात ठेवायची नाही."
"मग कुठे?"
"पाण्यापलीकडे कुणी आहे?"
पोर्वेनीरला बहीण होती, पेरित्सा.
"तिला स्वतःचा चष्मा सापडत नाही," झ्देंका म्हणाली,
पण मे महिन्यात फेरीबोटीनं जाऊन
बिस्किटांच्या डब्यात ठेवून आली.

ऑगस्टमध्ये पुन्हा वारा, पुन्हा ती. या वेळी मोजा नव्हता.
फोनवरून साफसफाई करताना बोट चुकलं होतं.
एक फोल्डर. तोच.
केराचा डबाही तिनं रिकामा केलेला, गृहकृत्यदक्ष बाई.
आणि पेटीतल्या दोन्ही डिस्का, एकीला पाहून दुसरी,
इमानदारीनं विसरून गेल्या.
बिघाड काही नव्हता. आरसाच तो,
आपण पाठ फिरवली की तोही फिरवतो.
हे एप्रिलमध्ये मी सांगितलं होतं का?
सांगितलं असेन. नसेनही.

सामुद्रधुनी तीन दिवस बंद होती.
तीन दिवस ती काउंटरपाशी येऊन बसायची,
काही विचारायची नाही, चहा मात्र घ्यायची.
चौथ्या दिवशी पेरित्सा स्वतः डबा घेऊन उतरली,
बोट लागल्यामुळे हिरवीगार,
डब्यात डिस्क, आणि खरोखरची बिस्किटं.

शाळेत बेरीज करताना हातचा विसरला
की खालचं सगळं उत्तर चुकायचं.
इथे तेवढा एक हातचाच उरला होता
आणि उत्तर बरोबर आलं. जवळजवळ.
त्याच्या चौदाही वर्षांच्या सकाळी मिळाल्या.
मेनंतरच्या नाहीत, म्हणजे तिच्या,
तिच्या आवाजातल्या, आख्खा हिवाळाभरच्या.
मी वाईट वाटल्यासारखं काही पुटपुटलो.
"जाऊ द्या," ती म्हणाली,
"पश्चिमेचाच असणार."

मग पाकीट उघडून आणखी एक डिस्क मागितली.
कुणासाठी?
"तुमच्यासाठी. तुमचं कुठे ठेवलंय?"

माझं.
मुलीची दात पडलेली हसू, आईचं दवाखान्यातलं बोलणं,
दुकानाच्या मागे, अकरा वर्षांच्या यंत्रात,
एकाच ठिकाणी.

शटर ओढलं. बाहेर वारा इतका
की आतलं काही ऐकू येईना.
तरी गुडघ्यांवर बसलो
आणि कान लावला.