नंतर, मुळे

हजार विड्यांचा हात होता माझा.
कात्री पानावर फिरायची आणि
शेजारच्या नरसम्माशी बोलणं चालूच,
बोटांना माझी गरज नसायची.

मग एका सकाळी फणी
कानापर्यंत पोचली आणि थांबली.
वर जाईचना.

पाटावरून उठायला अंबादासचा खांदा लागू लागला.
पापण्यांवर जांभळा रंग चढला.
विडी घरकुलातल्या बाया म्हणाल्या,
या वयात नटतेस होय गं, यल्लम्मा?
कारखान्यात चेकरनं दोनशे विड्या छाट काढल्या.
तीस वर्षांत पहिल्यांदा.

सिव्हिलमध्ये रक्त नेलं,
मांडीतून डाळीएवढा तुकडा नेला.
डॉक्टरीणबाई तरुण. कागदावर काढून दाखवलं:
तुमच्याच अंगातले पहारेकरी
तुमच्याच स्नायूंना परके समजतायत.

मी म्हटलं, लूमवर धागा तुटला
की खटका पडतो, माग थांबतो.
याला खटका नाही का?
ती हसली नाही.
म्हणाली, तोच तर बिघडलाय.

अंबादासला तारीख पाठ होती.
महापालिकेची शाळा, तिसरी ब चा वर्ग,
डाव्या दंडात लस. त्यानंतर बावीस दिवस.
"लशीमुळंच ना?"
ती बराच वेळ पेनचं टोपण उघडत-लावत राहिली.
"नंतर झालंय, हे खरं.
मुळे झालंय, हे मला सांगता येत नाही.
फार थोड्या जणांत लशीनंतर दिसतं.
काहींत साध्या तापानंतर.
काहींत कशाच्याच नंतर नाही."

रिक्षात अंबादास धुसफुसत होता:
मुळे म्हणायला यांचं काय जातं?
मी गप्प.
नरसम्माच्या नवऱ्याचा नंबर
पुढच्या सोमवारी होता. तो रविवारी गेला.
त्याच्यासाठी कुठला शब्द?

आता सकाळी सात गोळ्या.
तोंड भजीसारखं फुगलंय.
विड्या दिवसाला तीनशे, त्याही सैल.
सून केस विंचरते, गुंता ओढते, तेलुगूत रागावते.

काल नातीची गोवराची लस.
घरात कुणी विषयच काढेना.
मीच चप्पल घातली.
उचलता आली नाही, सुनेनं माझ्या मांडीवर ठेवली.
सुई गेली. पोर कळवळून रडली.
मी दंड चोळायला गेले
तर नर्स म्हणाली, चोळू नका आजी.

मग नुसता हात ठेवला.
तेवढा जोर पुरला.