अकरा हात चऱ्हाट

सत्तारमामूचा बोकड
भूमच्या बाजारात दावं तोडून पळाला, त्याला दोन उन्हाळे झाले.
तेव्हापासून तो डोंगरावर आहे असं
सरपणाला जाणाऱ्या बाया सांगतात,
आणि ज्यानं काहीच बघितलं नाही
तो येडबा सगळ्यांत जास्त सांगतो:
शिंगं हातभर, दाढी छातीपर्यंत,
कड्यावर असा उभा राहतो
जसं काही कड्यानंच त्याला धरलंय.

मामू म्हणाले, आणा. अर्धा तुमचा.
आणि आतून चऱ्हाट आणून दिलं,
घायपाताचं, मांडीवर वळलेलं, अकरा हात.
मोजून दिलं. दोनदा.

आम्ही चौघं: मी, येडबा, खाटिकाचा गौस,
आणि श्रीमंत, ज्याच्याकडे नावाखेरीज
एक मोटारसायकल होती.
रिटायर हवालदाराची दुर्बीण, एका डोळ्यात बुरशी.
भोयाकडून मागितलेलं जाळं, मासळीच्या वासासकट.
बॅटरी ठोकली की लागायची,
ठोकली की विझायची.

पायथ्यालाच गाडीचं चेनकव्हर गळून पडलं.
दोन हात चऱ्हाट तिथं गेलं.
मग गौसच्या बुटानं जबडा उघडला,
थोड्या वेळानं दुसऱ्यानंही, भावकीसारखा.
"बांध बांध, लई हाय आपल्याकडं,"
येडबा म्हणाला, आणि विळ्यानं कापत राहिला.
कॅनचा कान तुटला. तो पाठीला बांधला.
जाळं बोरीत घुसलं ते फाटूनच निघालं,
त्याला टाके घालायला तीन हात उसवले.
दगड तापलेले. कुसळं पायजम्यात.
दुर्बिणीत एका डोळ्याला डोंगर, एका डोळ्याला ढग,
आणि श्रीमंतला तीनदा बोकड दिसला
तो तीनदा कुसुंबाचं खोड निघाला.

दिवस कलताना माथ्याखालच्या टप्प्यावर
टेकलो, तर तो समोरच होता.
एवढासा.
एक शिंग अर्धं. दाढी काट्यांनी खुरटून गेलेली.
गळ्यात मामूचं तेच जुनं दावं.
बोकड वाढला होता, दावं वाढलं नव्हतं.
मानेत रुतलेलं, कडेनं लाल, माशा.

चऱ्हाट किती उरलंय, मी हळूच विचारलं.
येडबानं दोन हात उचलून दाखवलं.
एवढ्यात शेळीचं करडूसुद्धा
असल्या कड्यावरून उतरवता येत नाही.

कॅन गळत होता. पाणी खडकावरून त्याच्याकडे चाललं होतं.
तो आला. चाटायला लागला.
गौसनं हात पुढं केला.
सात पिढ्यांपासून त्याच्या घरात
बोकडाची मान पाठ आहे.
सुरी निघाली तेव्हा आम्ही कुणीच बोललो नाही.
श्रीमंतनं तोंड वळवलं.

कट्ट असा एवढासा आवाज.
दावं गौसच्या मुठीत आलं.
बोकड तिथंच उभा,
मान इकडं केली, तिकडं केली,
जसा अंगरखा काढल्यावर माणूस खांदे हलवतो.
मग वर. कुठून गेला ते कळलं नाही.
एक खडा तेवढा खाली आला, आम्हाला लागला नाही.

उतरताना बॅटरी कितीही ठोकली तरी लागेना.
एकमेकांच्या सदऱ्याला धरून आलो,
शिव्या देत, मधूनच हसत, कशाला ते माहीत नाही.

मामू बाजेवर बसले होते.
बोकडाचं विचारलं नाही. म्हणाले, चऱ्हाट?
आम्ही बूट सोडले, कॅन सोडला,
जाळ्याचे टाके ओढले,
श्रीमंत अंधारात चेनकव्हरशी झटत बसला.
तुकडे ओट्यावर एकापुढं एक मांडले.
मामूंनी मोजलं. नऊ भरलं.
तेव्हा गौसनं खिशातनं ते दावं काढलं
आणि रांगेच्या शेवटी ठेवलं.

मामूंना स्वतःची गाठ ओळखू आली.
आतल्या बाजूला चिकटलेले काळे केस
बोटानं चाचपत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले, दाढी कुठवर आलीया रं त्याची?

छातीपर्यंत, येडबा म्हणाला.

आणि त्या रात्री
आम्ही कुणी त्याला खोडून काढलं नाही.