दुभाषी

फेब्रुवारीत अकरा माणसं आली,
उंच, गुलाबी, गोल टोप्या घातलेली,
आणि नंदुरबार स्टेशन सोडून टेम्पो गावाबाहेर पडला तशी
एकामागून एक शिंकू लागली.
पथारीवर मिरची वाळत होती, नजर जाईल तिथवर लाल.
ड्रायव्हर दोंडाईचाचा. म्हणाला, "ताई, यास्ले काय व्हयनं?"

मी सलोमी गावित. मिशन दवाखान्यात नर्स,
एकोणीस वर्षं.
त्या दहा दिवसांपुरती त्यांची जीभ.
मावची कानात घ्यायची, मराठीत डोक्यात फिरवायची,
इंग्रजीत तोंडातून काढायची.
वाटेत थोडं सांडणारच.

खडकीपाड्यात खोली बांधायची होती, बारा बाय सोळा,
दवाखान्याची. रविवारी उपासनेलाही चालेल.
त्यांनी लेव्हलला लाल किरणाचं यंत्र लावलं.
बोंडा मिस्त्रीनं पिशवीतून प्लास्टिकची नळी काढली,
तोंडानं ओढून पाणी भरलं,
एक टोक त्यांच्यातल्या म्हाताऱ्या प्लंबरच्या हाती दिलं.
पाणी हललं, हललं,
आणि थांबलं ते नेमकं किरणावर.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
मला कुणी हाक मारली नाही. मी चहा प्यायले.

पुढे विटा वाकड्या लागल्या, खोटं कशाला बोलू.
एका मास्तरणीनं अशी ओळ रचली
की बोंडा हसत हसत खालीच बसला.
मग दोघांनी मिळून उतरवली, माल खरवडला,
पुन्हा पहिल्या विटेपासून.

मोहाखाली डॉक्टरांचं टेबल.
"कुठे दुखतं?" दिवसातून दोनशे वेळा.
कंबर. डोकं. रात्र.
एक जण म्हणाला, रेशन दुकानापासून घरापर्यंत.
मी सांगितलं: गुडघे.
सिकलसेलच्या पोराचं मात्र काही गाळलं नाही,
अक्षर न् अक्षर नेलं.
त्याची आई गप्प होती, तेही सांगितलं, की गप्प आहे.

मग उखीबाई वसावे.
चष्मा चढवल्यावर तिनं पहिल्यांदा स्वतःचा हात पाहिला,
उलटा, सुलटा.
"हा कुणाचा?"
डॉक्टर म्हणाले, काही विचारायचंय का तिला?
होतं. घरी गाय आहे का? दूध कोण काढतं?
भाऊ किती, ते का नाही आले?
आणि मग, माझ्याकडे वाकून,
"यानं गुन्हा तरी काय केला,
की एवढ्या लांब येऊन विटा वाहायची शिक्षा झाली?"

मी इंग्रजीत म्हटलं, ती आभार मानतेय.
डॉक्टर हॅराल्डनी छातीवर हात ठेवला.

तो हात रात्रभर मला झोपू देईना.
सकाळी सांगून टाकलं, खरं काय ते.
ते मोठ्यानं हसले. मग हसू थांबलं.
बोंडाचं सिमेंटचं एक पोतं कालवून होईपर्यंत
विटांच्या ढिगावर नुसते बसून राहिले.
शेवटी काहीतरी पुटपुटले, त्यांच्याच गावाकडच्या भाषेत,
इंग्रजीही नव्हे.
मी अर्थ विचारला नाही.

गेले ते. प्रार्थना झाली, फोटो झाले, रडारड झाली.
हातमोज्यांचे अकरा जोड मागे राहिले.
बोंडाची बायको ते घालून मिरची उलटते.

औषधं जुलैत संपली.
खोली उभी आहे. श्रावणात तिथे शेळी व्यायली,
मी फरशी फिनाईलनं धुतली.
एक आड एक गुरुवारी जाते मी,
विसरवाडीपासून जीपनं, शेवटचे तीन किलोमीटर पायी.
कुणी पाठवत नाही. रजा टाकते.

उखीबाई रांगेत पहिली.
चष्म्याची काडी मोडलीय, सुतळीनं बांधलीय.
दंड पुढे करते, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळते,
चिखलाने भरलेल्या चपला, पाठीवरची पिशवी.
"आणि तुझा गं? तुझा काय गुन्हा?"

मी पट्टा गुंडाळते, फुगा दाबते.
"बोलू नको," म्हणते, "आकडा चुकतो."