मापात पाप

माझ्या हातातली पट्टी खोटी आहे.
तिचा फूट खऱ्या फुटाहून
गव्हाच्या दाण्याएवढा लांब.
म्हातारा ओरेस्त हाव्रिलियुक ती देताना म्हणाला होता,
हिने कापड मोजू नकोस पोरी,
जमीन तर मुळीच नाही.
ही फक्त निवणाऱ्या गोष्टींसाठी.

निवताना धातू आक्रसतो.
किती, ते ठाऊक असतं,
म्हणून लाकडाचा फर्मा आधीच तेवढा वाढवून कोरायचा.
मापात पाप,
पण मोजून.

सस्कॅचवानचा जानेवारी, उणे एकतीस.
शटरला बाहेरून बर्फ, आतून भट्टीची धग,
आणि मधल्या दोन इंचांत माझा सगळा धंदा.
मार्व्हा लिंडग्रेन ट्रेलरवर फार्गो घालून आली,
एक्कावन्नचा, गहू वाहिलेला,
हिरवा म्हणायचा म्हणून हिरवा.
तिनं रुमाल उघडला. दाराची मूठ.
'डावीकडची. उजवी एकसष्टच्या सुगीत मोडली.
बाबा म्हणाले, बघू.'

'बघू'ला किती वर्षं लागतात
ते भंगारवाल्याला विचारावं.

मूठ अंगठ्याखाली इतकी झिजलेली
की खिडकीशी धरली तर
चमचाभर उजेड साठत होता.
मी विचारलं, उजवीही अशीच हवी का?
जोडी दिसावी म्हणून मागतात लोक.
चाळीस वर्षं मी कानशीनं दोन तासांत घासून देते,
दर तोच.

ती हसली.
'झिजवणार कोण? आई ट्रकमध्ये बसायची नाही.
मी आणि कुत्रा डावीकडूनच चढायचो, बाबांच्या आधी,
गिअरच्या दांड्यावरून तंगड्या टाकत.
पहिला मान कुत्र्याचा.
नवीच करा.'

डाव्याचं उजवं करणं सोपं वाटतं.
तीन दिवस न्हाव्याचा आरसा समोर ठेवून
मॅपलचा ठोकळा कोरला,
दोनदा हात सवयीनं डावीकडेच वळला
आणि शेगडीला सरपण मिळालं.
मग वाळू. मुठीत दाबून पाहायची:
बोटांचे ठसे धरले पाहिजेत,
मोडली तर चुरा न होता दोन तुकडे.
मुशीत पिस्टन, मेलेल्या ट्रॅक्टरांचे,
कुणाकुणाची नांगरणी, कुणाची नापिकी,
सगळ्यांचा एकच रस, वर मळीची साय.

पहिलं ओतकाम वाया गेलं.
माझ्याच हातमोज्यावरचा बर्फ,
एक थेंब वाळूत.
साचा ढेकर दिल्यासारखा गुरगुरला;
फोडला तर मुठीच्या पोटात
बोट जाईल एवढी पोकळी.
ओरेस्त असता तर काही बोलला नसता,
नुसती तंबाखू मळत बसला असता. ते वाईट.
मी ती पुन्हा मुशीत टाकली.

दुसरी निघाली तेव्हा करडी, ओबडधोबड,
मानेला ओतनळीचा खुंट.
करवत, कानस, पॉलिशचं चाक.
खऱ्या पट्टीनं मोजली.
बरोबर.

मार्चमध्ये मार्व्हा आली.
दोन्ही मुठी दारांना लागलेल्या.
ती थेट डावीकडे गेली, थांबली,
नाकावरून वळसा घालून इकडे आली,
हातमोजा काढला.
दार किरकिरलं आणि उघडलं.
बासष्ट वर्षांनी ती स्वतःच्या बाजूनं चढली
आणि फाटक्या सीटवर
मांडीवर पर्स घेऊन, समोर बघत
बसून राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाली, 'चालवा ना.
धान्याच्या कोठारापर्यंत.'

मी डाव्या दाराशी गेले.
जुनी मूठ धरली.
त्या खळग्यात अंगठा ठेवला,
तो हलत राहिला.
कमी पडत होता,
असेल
गव्हाच्या दाण्याएवढा.