शनिवारी साडेदहा

वाचनालयाच्या माडीवरची खोली मिळाली.
भाडं नको म्हणाले, फक्त खुर्च्या होत्या तशा रचून ठेवा.
खुर्च्या लागणारच नाहीत.
मुलं चटईवर, आणि मी नि रोहिदास
पडद्यामागे, सुतळीने बांधलेल्या जुन्या दिवाळी अंकांवर
श्वास धरून.

वहीत लिहिलं: वय पाच ते सात, चार मुली, चार मुलगे.
डिचोली बाजारातले तीन: शॅनल, गौरांग, मुस्तकीम.
मयेच्या जुळ्या; त्यांना एक धरायचं की दोन?
साखळीचा तनुष, बापाची बाराला ड्यूटी, त्याआधी सोडायचा.
सातवी दूर्वा, माझ्या घरमालकिणीची,
आठवडाभर जिन्यावर बसून विचारतेय, "कुर्ली झाली?"
म्हणजे हा नमुना आधीच फितूर.

कुर्ली झाली आहे.
कुंकळ्ळीच्या वामन चितारींनी लेथवर कातलेली पाठ,
लाखेचा लाल, डोळ्यांच्या दोन काड्या.
पोटात माझं सर्किट, चार सेल, मटाराएवढा माईक.
हाक मारली की येते.
आडवी येते, अर्थात.
सरळ कुणाकडे जायचं मी तिला शिकवलेलं नाही,
मलाही नीट जमत नाही.

वामनबाबनी ती देताना पुसून दिली, म्हणाले,
"पोटांत कितें घालतां तें तुमी जाणा.
म्हाका इतलेंच सांग,
सेल सोंपले म्हणटकच तें खेळणें उरता मू?"
मी हसले. त्यांनी बिल लिहिलं.

प्रश्न काढायला बसले.
आवडलं का? खोडलं.
असं विचारलं की मुलं आधी आईच्या तोंडाकडे बघतात,
मग हो म्हणतात.
पुन्हा खेळशील? खोडलं.
कुणाला दाखवशील? राहू दे.
हिला आत्ता काय हवं असेल?
याच्यापुढे चांदणी काढली.

रोहिदाससाठी नियम, मोठ्या अक्षरात:
मदत करायची नाही.
उलटी पडली तरी नाही. दहा मिनिटं
स्वतःचे हात स्वतःच्या मांडीखाली.
कुणी रडलं तर काय,
ते लिहायचं राहिलं.

रात्री नऊला नेविलच्या आईचा फोन.
"आठवा कोण मिळाला नसेल तर आमचा आहे.
पण तो बोलत नाही गं.
येतं त्याला. बोलत नाही.
चालेल?"
चालेल म्हणाले, लगेच म्हणाले,
फोन ठेवल्यावर टेबलावर पाहिलं:
हाकेची वाट बघत बसलेलं खेळणं.

रोहिदासचा मेसेज: येऊ दे, पण मोजू नको, आकडे बिघडतील.
मी उत्तर टाइप केलं, पुसलं,
पुन्हा टाइप केलं, तेवढ्यात
रस्त्यावरून खाणीचा ट्रक गेला.
कपाट थरथरलं, पेला वाजला,
कुर्लीने एक नांगी उचलली
आणि चार बोटं सरकली.

हा दोष जुना आहे.
तीन आठवडे मी तो दुरुस्त करतेय:
आवाज आणि हादरा यांतला फरक हिला कळत नाही.
उद्या शेवटचा प्रयत्न करणार होते.

जमिनीवर बसले. तोंड मिटून
लाद्यांवर एका बोटाने टकटक केलं.
काही नाही.
तळहाताने एकदा, जरा जोरात.
आली.

सोल्डरिंगचं बटण बंद केलं.
वहीत पाचव्या जागी लिहिलं, नेविल, वय सहा.
समोर "सूचना" नावाचा रकाना आहे,
तो कोरा ठेवला. त्याला काही सांगायचं नाही.
त्याला ते सापडेल किंवा नाही सापडणार,
चटई मात्र काढून टाकायची,
खाली लाकडी तक्तपोशी आहे, बरी आहे.

मग उरलेलं वेळापत्रक:
अकरा पंधरा, सेल काढून घेणे, मुलांना न सांगता.
अकरा पंचवीसपर्यंत फक्त बघणे.
वामनबाब येतात म्हणालेत, त्यांना पुढची जागा.
केळ्याचे बन्स अठरा. कोकम सरबत, साखर कमी.
खुर्च्या.