वाचक मागे फिरत नाही

परळच्या रक्तपेढीत, दुसऱ्या मजल्यावर,
एसीच्या गळतीखाली ठेवलेल्या निळ्या बादलीशेजारी
माझी खुर्ची.
एका हाकेला डेटाबेसमधून तीन याद्या येतात:
आधी दाते, मग पिशव्या, मग मागण्या.
स्वतःची नावं सांगत नाहीत.
फार खोदून विचारलं तर टेबल, टेबल एक, टेबल दोन.
आपणच ओळखायचं, म्हणायचं,
ये, तू पिशव्या ना, इथे बस.

वाचक एकमार्गी. एक ओळ दाखवतो
आणि सरकतो. वळून बघणं त्याच्या रक्तात नाही.
हवं ते जाताजाताच उतरवून घ्यायचं मेमरीत,
जिथे वीज गेली की
पाटीवरून ओला हात फिरल्यासारखं सगळं साफ.

दोन दिवस पिशव्यांच्या जागी मागण्याच येत होत्या.
खालून तळपदेबाईंचा फोन,
"अहो, फ्रीजमध्ये एकशे बारा आहेत, तुमच्यात एक नाही.
प्यायलात की काय?"
मग उमगलं: एक टेबल भरून झालं
की वाचक आपणहून पुढच्या यादीच्या दाराशी जातो,
आणि मी वर त्याला ढकलत होते, चल, पुढे.
त्याचं एक पाऊल, माझं एक,
मधली यादी न वाचताच गेली.
एक ओळ खोडली. पिशव्या आल्या.

आज नातं जोडायला बसले.
दात्याचा क्रमांक इकडे, पिशवीवरचा तिकडे.
नियम चालू केला तर तांबडी ओळ:
एका पिशवीला दाता नाही.

४०७१. बी निगेटिव्ह.
अकरा तारखेची, माझगावच्या एका शाळेतल्या शिबिरातली.

जुन्या तक्त्यात शोधलं. होते.
जसिंतो परेरा, बावन्न, क्रेनचालक, एकतिसावं रक्तदान.
सक्रिय: शून्य.
शेरा: घरून फोन आला. एकोणीसला वारले.
आणि माझी क्वेरी फक्त सक्रिय माणसं मागत होती.

पिशवीला कुणी कळवलं नव्हतं.
चार अंशांवर, तिसऱ्या फळीवर,
तिचे अजून तेरा दिवस शिल्लक होते.

तळपदेबाई म्हणाल्या, तपासलंय, चांगलं आहे रक्त.
मग जरा थांबून,
बिस्किटं नको म्हणायचे. चहा मात्र दोनदा.

नियम बंद करता आला असता.
एका शब्दाचं काम.
कुणी विचारलंही नसतं.
मी सक्रियची अट पुसली
आणि पुन्हा हाक मारली.

या वेळी दात्यांची यादी लांबलचक:
बदली होऊन नागपूरला गेलेले, हिमोग्लोबिन उतरलेले,
नंबर बदललेले, सुईला घाबरून पुन्हा न आलेले,
या सगळ्या शून्यवाल्यांमधून वाट काढत
परेरा आत आले, त्रेचाळीस मिलिसेकंदांत,
एका ओळीएवढे,
आणि आपल्या पिशवीमागे उभे राहिले.
नियम काही बोलला नाही.

तिसऱ्या यादीत बी निगेटिव्हची मागणी एकच.
वॉर्ड सात, बाळंतीण, वय चोवीस, तातडीचं.

अजून काही आहे का, वाचकाला विचारलं.
नाही म्हणाला.
जोडणी बंद केली.
बादली काठोकाठ आली होती,
ती ओतून आले.